मिश्ना, तोसेफ्ता आणि पुण्याची हग्गादा : प्राचीन यहुदी धर्मशास्त्रग्रंथांचे परस्परसंबंध

१. प्रश्नाचे स्वरूप

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत जो औद्योगिक पट्टा आज पसरलेला आहे, त्याच्या एका कडेस देहू व दुसऱ्या कडेस आळंदी ही क्षेत्रे येतात. या दोन क्षेत्रांशी निगडित असलेल्या ग्रंथांनी मराठी अभ्यासकास पाठचिकित्सेचा पहिला धडा दिला आहे. ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ दूर करून एकनाथांनी शके १५०६ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. तुकारामांच्या अभंगांची गाथा सरकारी आश्रयाने १८६९ व १८७३ मध्ये दोन भागांत निघाली, त्या वेळीही वेगवेगळ्या वह्यांतील पाठ एकमेकांशी ताडून पाहावे लागले. जो ग्रंथ लोकांच्या मुखात नांदतो, त्याच्या दोन पाठांत भेद आढळला, म्हणजे त्यांपैकी एक मूळ व दुसरा त्याची भ्रष्ट नक्कल, असे लगेच म्हणता येत नाही, हे या उदाहरणांवरून मराठी वाचकास परिचित आहे.

हाच प्रश्न अधिक गुंतागुंतीच्या स्वरूपात प्राचीन यहुदी धर्मशास्त्रग्रंथांच्या बाबतीत उपस्थित होतो. आणि तो मराठी भाषेला वाटतो तितका दूरचा नाही. १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू मूळ व मराठी भाषांतर अशा स्वरूपाची एक सचित्र हग्गादा छापली गेली. वल्हांडण सणाच्या रात्री घरोघरी वाचावयाच्या पोथीस हग्गादा म्हणतात. या पुस्तकाच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया महाराष्ट्रीय पद्धतीची लुगडी नेसलेल्या आहेत. त्याच्याही आधी, १८४६ मध्ये, मुंबईत मराठी भाषांतरासह अशीच एक हग्गादा शिळाप्रेसवर छापली गेली होती. ही पुस्तके बेने इस्राएल समाजाच्या उपयोगासाठी तयार झाली.

हग्गादा हा धर्मशास्त्राचा ग्रंथ नव्हे. परंतु तिचे कितीतरी परिच्छेद धर्मशास्त्राच्या ग्रंथांतून किंवा त्या ग्रंथांना ज्या परंपरेने सामग्री पुरविली तिच्यातून आलेले आहेत. त्यामुळे एका रात्रीत वाचून होणाऱ्या या लहानशा पोथीच्या आधारे त्या विस्तृत वाङ्मयातील परस्परसंबंध समजावून घेता येतात. प्रस्तुत लेखात तोच मार्ग अनुसरला आहे.

२. ग्रंथ आणि त्यांची नावे

इ. स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. यज्ञविधींचे केंद्र नाहीसे झाल्यानंतर धर्मजीवनाचा भार पाठशाळांवर व तेथील आचार्यांवर आला. इ. स. २०० च्या सुमारापर्यंतच्या या आचार्यांस ‘तन्नाईम’ म्हणतात. ‘तन्ना’ हे त्याचे एकवचन. या नावाचा धात्वर्थ लक्षात घेण्यासारखा आहे. ‘पुन्हा करणे, आवर्तन करणे’ या अर्थाच्या हिब्रू धातूपासून ‘मिश्ना’ हा शब्द सिद्ध होतो, आणि त्याच धातूच्या अरमाई रूपापासून ‘तन्ना’. वैदिक पाठशाळेत गुरूने शिष्यास जी ‘संथा’ द्यावयाची व शिष्याने जी घोकावयाची, तिच्याशी या शब्दाचे अर्थसाम्य स्पष्ट आहे. पुढील काळात तर ज्याला मोठमोठे पाठ मुखोद्गत आहेत अशा पाठशाळेतील पाठकासही ‘तन्ना’ हीच संज्ञा लावीत. ग्रंथाच्या नावातच लेखनाऐवजी आवर्तनाचा निर्देश असावा, ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरेल.

मिश्नेचे संपादन रब्बी यहूदा हा-नासी यांनी गालील प्रांतात इ. स. २०० च्या सुमारास केले, असे परंपरा सांगते व आधुनिक संशोधनही स्थूलमानाने मान्य करते. तिचे ६ खंड व ६३ प्रकरणग्रंथ आहेत. शेती, सणवार, विवाह, दिवाणी व फौजदारी व्यवहार, मंदिरातील विधी आणि शौचाशौच असे विषयवार विभाग केलेले आहेत. तिची शैली सूत्रमय आहे. बहुधा ती शास्त्रवचनाचा आधार न देता नियम सांगते. मतभेद असल्यास आचार्यांच्या नावांसह तोही नोंदविते.

‘तोसेफ्ता’ या शब्दाचा अर्थ ‘पुरवणी’ किंवा ‘भर’. तिचीही रचना त्याच ६ खंडांत आहे. मिश्नेतील ४ प्रकरणग्रंथ मात्र तीत नाहीत. आकाराने ती मिश्नेच्या कित्येक पट मोठी आहे. तिच्यात बोलणारे आचार्य बहुतांशी तेच, भाषाही तीच.

तिसरा वर्ग ‘मिद्राश’ या ग्रंथांचा. यांचा क्रम विषयवार नसून शास्त्रवचनानुसारी आहे. निर्गमाच्या पुस्तकावरील मेखिल्ता, लेवीयावरील सिफ्रा, गणना व अनुवाद या पुस्तकांवरील सिफ्रे हे या वर्गातील प्रमुख ग्रंथ होत. मिश्नेत जो नियम उघडा उभा असतो, तोच येथे एखाद्या वचनातील शब्दापासून काढून दाखविलेला असतो.

या तिन्ही वर्गांवर पुढे दोन तल्मूद उभे राहिले : एक पॅलेस्टाइनमधील, इ. स. ४०० च्या सुमाराचा, ज्यास यरुशलेमी तल्मूद म्हणतात. आणि दुसरा त्यानंतर एक-दोन शतकांनी पूर्णत्वास गेलेला बाबिलोनी तल्मूद. तल्मूदांत मिश्नेबाहेरची जी तन्नाईमांची वचने उद्धृत होतात, त्यांस ‘बराइता’, म्हणजे ‘बाहेरची’, अशी संज्ञा आहे. या बराइतांपैकी पुष्कळ तोसेफ्तेतील वचनांशी जुळतात; पण शब्दशः क्वचितच.

३. एका रात्रीचे अनेक पाठ

आता हग्गादेकडे वळावे. त्या रात्री घरातील लहान मूल विचारते की, ही रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का? प्रचलित हग्गादेत या प्रश्नाचे चार भाग आहेत : अन्न दोनदा बुडवून खाणे, बेखमीर भाकर, कडू भाजी, आणि टेकून बसणे. मिश्नेच्या ‘पेसाहीम’ या प्रकरणग्रंथाच्या दहाव्या अध्यायात हाच प्रश्न आहे. परंतु त्या अध्यायाच्या उत्तम हस्तलिखितांत, उदाहरणार्थ बुडापेस्ट येथील कौफमान हस्तलिखितात, तीनच भाग आढळतात : बुडविणे, बेखमीर भाकर आणि भाजलेले मांस. भाजलेले मांस म्हणजे वल्हांडणाच्या यज्ञपशूचे मांस. मंदिर गेल्यावर यज्ञ थांबला, तेव्हा तो प्रश्न निरर्थक झाला व कालांतराने गळाला. त्याची जागा टेकून बसण्याच्या प्रश्नाने घेतली. कडू भाजीचा प्रश्न मिश्नेच्या छापील प्रतींत आला आहे, तोही लोकांच्या मुखातील हग्गादेच्या प्रभावाने, असे मानावयास जागा आहे. म्हणजे येथे केवळ मिश्नेकडून हग्गादेकडे पाठ गेला असे नाही. हग्गादेकडून मिश्नेकडेही तो परत आला आहे.

दुसरे उदाहरण चार पुत्रांचे. शहाणा, दुष्ट, साधाभोळा आणि ज्यास प्रश्नही विचारता येत नाही असा, या चौघांस बापाने काय सांगावे, हे हग्गादेत आहे. मिश्नेत हा भाग नाही. तो मेखिल्तेत आहे आणि यरुशलेमी तल्मुदातही आहे. परंतु दोहोंची तुलना केली असता एक मोठा फरक दिसतो. मेखिल्तेत शहाण्या पुत्रास वल्हांडणाचे नियम शिकवावेत आणि भोळ्यास, प्रभूने बलवान हाताने मिसरातून बाहेर काढले, असे सांगावे. यरुशलेमी तल्मुदात नेमके उलट : बलवान हाताची कथा शहाण्यास, आणि नियम दुसऱ्यास, शिवाय त्या दुसऱ्यास तेथे ‘भोळा’ न म्हणता ‘मूर्ख’ म्हटले आहे. हग्गादा या बाबतीत मेखिल्तेच्या जवळची आहे. नकलणाऱ्याच्या हस्तदोषाने अशी अदलाबदल होत नाही. उघडच दोन पाठशाळांनी एकच दृष्टांत आपापल्या समजुतीप्रमाणे घडविला.

तिसरे उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. हग्गादेत पाच आचार्यांची कथा येते. एलिएझर, यहोशुआ, एलाझार बेन अझऱ्या, अकिवा व तार्फोन हे बने ब्राक गावी टेकून बसले होते आणि मिसरातून सुटल्याची कथा रात्रभर सांगत होते. शेवटी शिष्यांनी येऊन, पहाटेच्या प्रार्थनेची वेळ झाली, असे सांगितले. ही कथा या रूपात तन्नाईमांच्या दुसऱ्या कोणत्याही ग्रंथात आढळत नाही. परंतु तोसेफ्तेच्या पेसाहीम प्रकरणात तिची बहीण शोभेल अशी कथा आहे. तेथे रब्बान गमलीएल व इतर वडीलधारे लोद गावी बोएथस बेन झोनिन याच्या घरी टेकून बसले आहेत. तेही कोंबडा आरवेपर्यंत जागतात. मात्र ते कथा सांगत नाहीत, वल्हांडणाच्या नियमांची चर्चा करतात. या कथेच्या आधी तोसेफ्तेत विधानच आहे की, त्या रात्री मनुष्याने नियमांचा अभ्यास करावा. मुलाबरोबर करावा, शिष्याबरोबर करावा, कोणी नसल्यास एकट्याने करावा.

मिश्नेची भूमिका याहून निराळी दिसते. तिच्यात पुत्र विचारतो आणि पिता त्याच्या समजुतीनुसार सांगतो. हीनतेपासून आरंभ करतो व गौरवाने शेवट करतो. अनुवादाच्या पुस्तकातील २६ व्या अध्यायाचे एक प्रकरण घेऊन त्याचे विवरण करतो. म्हणजे मिश्नेत कथन प्रधान आहे, तोसेफ्तेत नियमाध्ययन. तोसेफ्तेच्या त्या अध्यायात पुत्राचे ते प्रसिद्ध प्रश्नच नाहीत. तोसेफ्ता जर केवळ मिश्नेची पुरवणी असेल, तर ज्या परिच्छेदाभोवती मिश्नेचा सबंध अध्याय फिरतो, त्यावर तिने एक अक्षरही का लिहू नये?

पण लगेच उलट बाजूचाही पुरावा पुढे येतो. मिश्नेत म्हटले आहे की, वल्हांडणाचे मांस खाल्ल्यावर ‘अफिकोमान’ करू नये. हा मूळचा ग्रीक शब्द पुढील पिढ्यांना दुर्बोध झाला होता. तोसेफ्तेत त्याच नियमाच्या जागी अक्रोडादी कवचफळे, खजूर व भाजलेले धान्य ही उदाहरणे आहेत. जणू कोणी मिश्नेच्या त्या कठीण शब्दावर टीप देत आहे. एकाच अध्यायाच्या एका ओळीत तोसेफ्ता भाष्यकार वाटते, आणि दुसऱ्या ओळीत मिश्नेला अपरिचित अशा जुन्या चालीची साक्षीदार.

हग्गादेत दोन आरंभ का आहेत, याचाही उलगडा या संबंधांतून होतो. हीनतेपासून आरंभ करावा, एवढेच मिश्नेने सांगितले. हीनता कोणती, हे सांगितले नाही. बाबिलोनी तल्मुदात दोन आचार्यांची दोन मते नोंदलेली आहेत : एकाच्या मते पूर्वजांची मूर्तिपूजा, दुसऱ्याच्या मते मिसरातील दास्य. हग्गादेने कोणासच नाकारले नाही. दोन्ही वचने ठेवली. पुण्यात ही पोथी वाचणारे कुटुंब अशा रीतीने, नकळत का होईना, बाबिलोनमधील एका वादाचे दोन्ही पक्ष दरवर्षी उच्चारीत असे.

भाषादृष्ट्या येथे एक गोष्ट नमूद करावयास हवी. मूळ हग्गादेत तीन भाषास्तर आहेत. शास्त्रवचने प्राचीन हिब्रूत आहेत. आचार्यांची वचने मिश्नेच्या हिब्रूत, जीत ‘जो’ या अर्थाचा संबंधी शब्द आखूड होऊन पुढील शब्दास चिकटतो आणि अनेकवचनाच्या ‘-ईम’ या प्रत्ययाशेजारी ‘-ईन’ हे रूप वावरते. आणि आरंभीचे, भुकेल्यांना जेवावयास बोलाविणारे वचन अरमाईत. मूळ ऐकणाऱ्यास परिच्छेद बदलताच काळही बदलल्याची जाणीव होते. भाषांतर मात्र सर्वांस एकाच मराठीत आणते, आणि थरांमधील सांधे झाकले जातात. ग्रंथांचे परस्परसंबंध शोधताना मूळ भाषेचे ज्ञान का अटळ आहे, त्याचे हे छोटेसे प्रमाण होय.

४. पौर्वापर्याचा वाद

या संबंधांविषयीचा प्रश्न नवा नाही. इ. स. ९८७ मध्ये उत्तर आफ्रिकेतील कैरवान येथील यहुद्यांनी बाबिलोनमधील पुंबदिता पाठशाळेचे प्रमुख शेरिरा गाओन यांस पत्र पाठवून विचारले की, मिश्ना कशी लिहिली गेली आणि तोसेफ्ता कशासाठी रचली गेली? शेरिरा यांनी दिलेले सविस्तर उत्तर आजही या विषयाचे आधारभूत साधन आहे. त्यांच्या मते तोसेफ्ता रब्बी हिय्या यांनी, मिश्नेनंतर, तिच्या स्पष्टीकरणार्थ संग्रहिली. नवल असे की, या पत्राचेच दोन पाठ आज उपलब्ध आहेत. एकानुसार रब्बी यहूदा यांनी मिश्ना लेखनबद्ध केली, दुसऱ्यानुसार ती मुखपरंपरेनेच चालत राहिली. परंपरेचा इतिहास सांगणारे पत्रही परंपरेच्या नियमातून सुटले नाही.

विसाव्या शतकात हा वाद नव्या साधनांनी लढला गेला. हानोख आल्बेक यांनी असे प्रतिपादिले की, तोसेफ्ता बरीच उशिरा संकलित झाली व तल्मुदातील आचार्यांसमोर ती ग्रंथरूपाने नव्हतीच. म्हणून तिची व बराइतांची शब्दरचना जुळत नाही. याकोव्ह नाहूम एप्स्टाइन यांचा कल ती तल्मुदांच्या आधीची मानण्याकडे होता. शाउल लीबरमान यांनी १९५५ पासून तोसेफ्तेची चिकित्सक आवृत्ती व प्रचंड भाष्य प्रसिद्ध करावयास आरंभ केला, आणि एका एका ओळीचे संबंध तपासण्याची सोय प्रथमच झाली. पुढे शम्मा फ्रीडमान यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वल्हांडणविषयक समांतर परिच्छेद घेऊन दाखविले की, पुष्कळ ठिकाणी तोसेफ्तेने जपलेला पाठ मिश्नेच्या पाठाहून जुना असून मिश्नेच्या संपादकाने तशाच सामग्रीचा संक्षेप केलेला आहे. ज्युडिथ हौप्टमान यांनी २००५ मध्ये याच दिशेने अधिक पुढे जाऊन, सबंध तोसेफ्ताच मूलतः मिश्नेच्या आधीच्या एका मिश्नेशी संवाद करते, असा पक्ष मांडला. हा पक्ष सर्वमान्य झालेला नाही. परंतु ‘पुरवणी’ या नावावरून ग्रंथ उत्तरकालीन ठरविण्याची सरळ वाट त्यानंतर बंद झाली.

संस्कृत शास्त्रपरंपरेशी परिचित असलेल्या वाचकास येथे पाणिनीची सूत्रे व कात्यायनाची वार्तिके आठवतील. सूत्रात जे सांगितले, जे सांगावयाचे राहिले आणि जे सदोष सांगितले, त्या तिहींचा विचार वार्तिक करते. तोसेफ्तेचे पुष्कळ परिच्छेद या व्याख्येत बसतात : काही मिश्नेचे वाक्य घेऊन त्याचा अर्थ लावतात, काही तिने गाळलेली बाब भरून काढतात, काही तिच्याशी विरोध दर्शवितात. परंतु चौथा एक वर्ग उरतो, जो मिश्नेकडे पाहतच नाही. स्वतंत्रपणे उभा राहतो. वार्तिकाची उपमा तेथे संपते.

मिद्राश आणि मिश्ना यांचा संबंध समजण्यासाठी मराठीतील उदाहरण अधिक उपयोगी पडते. महानुभाव पंथात म्हाइंभटांनी लीळाचरित्रात चक्रधरांची वचने प्रसंगांसह संग्रहिली. केसोबासांनी त्यांतून सूत्रे वेगळी काढून सूत्रपाठ सिद्ध केला. प्रसंगावाचून सूत्राचा अर्थ लागेना, म्हणून पुढे सूत्राचा प्रसंग सांगणारी ‘प्रकरणवश’ ही रचना अवतरली. मिश्नेतील आधाररहित नियम व मिद्राशातील वचनबद्ध नियम यांचे नाते याच जातीचे आहे. पण महानुभावांच्या बाबतीत प्रथम प्रसंग व मग सूत्र हा क्रम ज्ञात आहे. यहुदी ग्रंथांच्या बाबतीत नियम आधी की वचनावरून केलेली उपपत्ती आधी, हे प्रत्येक ठिकाणी निराळे शोधावे लागते. कित्येक नियम रूढीतून आले व वचनाचा आधार त्यांना मागाहून जोडला गेला. कित्येक खरोखरच वचनाच्या वाचनातून निघाले.

म्हणून आज ग्राह्य वाटणारी भूमिका अशी की, हे ग्रंथ एका ओळीत एकामागून एक ठेवता येत नाहीत. त्यांच्या मागे घोकून राखलेल्या वचनांचा एक सामाईक साठा होता. त्यातून प्रत्येक संपादकाने आपल्या हेतूस अनुसरून घेतले, आटविले, फुलविले. ग्रंथाचे अंतिम संकलन उशिराचे आणि त्यातील परिच्छेद मात्र जुना, असे सहज घडू शकते. पौर्वापर्याचा निर्णय ग्रंथाचा नव्हे, परिच्छेदाचा करावयाचा असतो.

५. ग्रंथावाचून जगलेला समाज

हा सर्व विचार केवळ पंडितांच्या कुतूहलाचा असता, तर तो येथेच थांबविता आला असता. परंतु महाराष्ट्रातील एका समाजास या ग्रंथांच्या संबंधाची झळ प्रत्यक्ष लागलेली आहे.

बेने इस्राएल हे कोकणात शतकानुशतके तेलाचा धंदा करीत. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांच्यापाशी मिश्ना नव्हती, तल्मूद नव्हता. तरीही वल्हांडणाची आठवण त्यांच्यात होती. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या व १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इतिहासात समाजातील सणांची जुनी मराठी नावे नोंदलेली आहेत. वल्हांडणाच्या सणास ‘अनाशी ढाकाचा सण’ म्हणत. त्या दिवसांत आंबट पदार्थाचे भांडे झाकून ठेवीत. खमीर वर्ज्य करण्याचा नियम ग्रंथातून पुसला गेला असता भांड्याच्या झाकणात टिकून राहिला, हे मुखपरंपरेच्या सामर्थ्याचे विलक्षण उदाहरण आहे.

ग्रंथ या समाजाकडे पुढे आले. समाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत १७९६ मध्ये पहिले सभास्थान बांधले. जॉन विल्सन यांचे मराठीतील हिब्रू व्याकरण १८३२ मध्ये निघाले. जोसेफ एझिकिएल राजपूरकर (१८३४-१९०५) यांनी प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली. पुण्यात रास्ता पेठेतील सुक्कथ शेलोमो हे सभास्थान १९२१ मध्ये उभे राहिले. मराठी हग्गादा या प्रवाहाचाच एक भाग होय.

१९४८ नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्राएल देशात गेले, तेव्हा त्यांच्या विवाहांविषयी तेथील रब्बींच्या वर्तुळात शंका काढण्यात आली. शंकेचे स्वरूप असे : घटस्फोटपत्राचे व निपुत्रिक विधवेच्या दिराविषयीचे नियम या समाजास ठाऊक नव्हते; तेव्हा पूर्वी एखादा पुनर्विवाह नियमबाह्य झाला असल्यास त्याची संतती निषिद्ध वर्गात मोडेल काय? १९६१ मध्ये मुख्य रब्बीमंडळाने हा समाज यहुदीच असून त्याच्याशी विवाहास प्रत्यवाय नाही असा निर्णय दिला. पण १९६२ मधील मार्गदर्शक सूचनांनी विवाह नोंदविणाऱ्यांस त्यांच्या पूर्वजांची पिढ्यानुपिढ्या चौकशी करण्यास सांगितले. समाजाने तीव्र निषेध केला. १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल सर्व बाबतींत इतर यहुद्यांशी समान आहेत असा ठराव केला, आणि त्यानंतर सूचनांतून समाजाच्या नावाचा उल्लेख काढण्यात आला.

ज्या नियमांच्या आधारे ही शंका उद्भवली, त्यांचे मूळ मिश्नेच्या ‘किद्दुशीन’ या प्रकरणग्रंथात आहे. तेथे बाबिलोनमधून परतलेल्या लोकांचे १० वंशवर्ग सांगितले असून कोणी कोणाशी विवाह करावा हे ठरविलेले आहे. निषिद्ध संततीचा डाग पुढे कधी पुसला जाईल काय, यावर तो अध्याय बोलत नाही. तोसेफ्तेच्या त्याच प्रकरणात मात्र हा प्रश्न मतभेदासह नोंदलेला आहे : रब्बी योसे यांच्या मते भावी काळात असे लोक शुद्ध होतील; रब्बी मेईर यांच्या मते होणार नाहीत. हाच मतभेद बाबिलोनी तल्मुदात बराइतेच्या रूपाने येतो, आणि तेथे शमुएल या आचार्यांच्या नावे रब्बी योसे यांच्या बाजूने निर्णय सांगितला जातो. आणि मिश्नेच्याच ‘एदुयोत’ या दुसऱ्या प्रकरणग्रंथात रब्बी यहोशुआ, योहानान बेन झक्काई यांच्याकडून आलेली परंपरा म्हणून सांगतात की, एलिया संदेष्टा येईल तो सरसकट कुळे तपासण्यासाठी नव्हे. बळाने आत घेतलेल्यांस दूर करण्यासाठी व बळाने दूर लोटलेल्यांस जवळ आणण्यासाठी येईल.

एकाच प्रश्नाचे धागे असे चार ठिकाणी विखुरलेले आहेत. फक्त किद्दुशीनची मिश्ना वाचणाऱ्यास वर्गांची यादी दिसेल. तिच्याशेजारी तोसेफ्ता ठेवणाऱ्यास त्या यादीवर आचार्यांत चाललेला वाद दिसेल. एदुयोत जोडल्यास त्या वादामागची जुनी अस्वस्थताही दिसेल. यावरून रब्बींनी कोणता निर्णय द्यावयास हवा होता, हे ठरविणे भाषाशास्त्राचे काम नव्हे. परंतु कोणताही एक ग्रंथ परंपरेचा एकमेव आवाज समजणे ही त्या परंपरेशीच विसंगत अशी गोष्ट आहे, एवढे ग्रंथांच्या तुलनेवरून निश्चितपणे म्हणता येते.

६. निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली, मिश्ना, तोसेफ्ता व मिद्राश हे एकमेकांचे मूळ आणि नक्कल नसून सामाईक मौखिक साठ्याची निरनिराळी संपादने आहेत. त्यांतील आदानप्रदान दोन्ही दिशांनी झालेले आहे. दुसरी, पौर्वापर्य ठरविण्याचे एकक ग्रंथ नसून परिच्छेद आहे, आणि त्यासाठी हस्तलिखितांतील पाठ व भाषेचे स्तर ही दोन साधने मुख्य होत. तिसरी, मतभेद गाळून टाकण्यापेक्षा जपून ठेवणे हे या वाङ्मयाचे धोरण असल्यामुळे, एका ग्रंथात निनावी नियम म्हणून येणारे वचन दुसऱ्या ग्रंथात एखाद्या आचार्याचे वैयक्तिक मत ठरू शकते.

मराठी अभ्यासकास या क्षेत्रात करण्यासारखे पुष्कळ आहे. मुंबई व पुणे येथे छापलेल्या हग्गादांचे मराठी, त्यांतील पारिभाषिक शब्द, आणि भाषांतरकारांनी हिब्रूच्या कोणत्या थरास कोणते मराठी रूप दिले, यांचा पद्धतशीर अभ्यास झाल्यास एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याच्या इतिहासावरही प्रकाश पडेल. देहू-आळंदीच्या ग्रंथांवर ज्या कसोट्या आपण वापरतो, त्याच येथेही लागू पडतात. आणि ज्या घरांत ही पोथी वाचली गेली, ती घरे याच परिसरातील होती.